ब्रेकबाईंची हिरवी गाडी

ब्रेकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. पण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एकतीस वर्षं शिकवल्यावर खरं नाव उरलं ते फक्त लायसन्सवर आणि बँकेच्या पासबुकात. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बाई बसायच्या. त्यांच्या पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक असायचा. समोर कुत्रं आलं, सायकल आली, की शिकाऊ माणूस स्टिअरिंगला कवटाळून डोळे मिटायचा आणि बाईंचा पाय खाली जायचा. गाडी थांबायची. "बघितलंत, काही झालं नाही," असं म्हणून बाई पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चला, परत फर्स्ट."

परिचारिका, दुकानदार, नवविवाहित जोडपी, निवृत्त झाल्यावर हौस भागवणारे आजोबा, सगळे त्यांच्या हाताखालून गेले. एक न्यायाधीश होते, ते गाडी मागे घेताना अगदी रडकुंडीला यायचे. बाईंनी त्यांनाही शिकवलं. या सगळ्या वर्षांत स्कूलच्या पांढऱ्या गाडीचा काटा तिसाच्या पुढे फारसा कधी गेला नाही. गेलाच तर बाईंच्या पायाने तो परत आणला.

आणि या बाईंच्या मनात एक वेगळीच गाडी रुतून बसली होती.

त्या नोकरीला लागल्या त्या वर्षी मोठ्या चौकातल्या काचेच्या शोरूममध्ये ती गाडी आली होती. गडद हिरवी, दोन दारांची, जमिनीला चिकटून बसलेली, सहा सिलिंडरची. बाई रोज तिच्यासमोरून जायच्या आणि शिकाऊ माणसाला सांगायच्या, "इथे जरा हळू घ्या." एका रिकाम्या दुपारी त्या एकट्याच आत गेल्या. विक्रेता कंटाळलेला होता. या बाई गाडी घेणार नाहीत हे त्याला दिसत होतं, तरी तो म्हणाला, "बसून बघा." त्याने दार लावलं. जाड पुस्तकावर दुसरं जाड पुस्तक ठेवावं तसा आवाज झाला आणि बाहेरचा चौक एकदम गप्प झाला. बाईंनी क्लच दाबला. जड होता. गिअरवर हात ठेवला, पण हलवला नाही. चार-पाच मिनिटं त्या तशाच बसल्या, मग आभार मानून बाहेर आल्या आणि पुढच्या शिकाऊला घेऊन निघाल्या. 

लग्न त्याआधीच झालं होतं. मग सासूबाईंचं आजारपण, मुलीची शाळा, मुलीचं कॉलेज, घराची डागडुजी. कोणी काही हिरावून घेतलं नव्हतं, पण हातात काही उरतही नव्हतं. काही वर्षांनी कंपनीने ती गाडी बनवणंच बंद केलं. त्यानंतर रस्त्यात तसली गाडी बाईंना एकूण सात वेळा दिसली. कुठे दिसली, कोणत्या रंगाची, कोण चालवत होतं, सगळं त्यांना पाठ होतं. एकदा तर त्या भाजीची पिशवी घेऊन तिच्यामागे अर्धा रस्ता चालत गेल्या होत्या, ती पुढच्या सिग्नलला थांबेल या आशेने. सिग्नल हिरवाच राहिला.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी धंदा तरुण पुतण्याच्या हवाली केला तेव्हा बाईंनीही निवृत्ती घेतली. हातात बऱ्यापैकी रक्कम आली. मुलगी आपल्या घरी सुखात होती. यजमानांनी विचारलं, "आता काय करायचं?"

"गाडी घ्यायची," बाई म्हणाल्या.

"आहे की आपल्याकडे."

"ते वाहन झालं. मी गाडी म्हणतेय."

यजमान छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासत होते. बोलणं बेताचं, नजर बारीक. गाडीत बसलं की त्यांना मळमळायचं, त्यामुळे बायकोच्या पोटात हे इतकी वर्षं दडलेलं होतं याचा त्यांना पत्ता नव्हता. त्या दिवशी बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, शोरूमपासून भाजीच्या पिशवीपर्यंत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग जाहिराती मी वाचतो," ते म्हणाले. "तुझं लक्ष फोटोकडे जाईल."

पहिली जाहिरात त्यांनी वाचली आणि मान हलवली. "'उत्कृष्ट' लिहिताना पोटफोड्या ष चुकवलाय. ज्याला शब्द नीट ठेवता येत नाही, तो इंजिन काय ठेवणार?" बाईंनी ऐकलं नाही. त्या मुक्या मिस्त्रींना घेऊन गाडी बघायला गेल्या.

मुके मिस्त्री मुके नव्हते. स्कूलच्या गाड्या तेच दुरुस्त करायचे, आणि दिवसभरात पाच वाक्यं बोलले तर खूप, म्हणून ते नाव पडलं. ती पहिली गाडी लालभडक होती, आरशासारखी चकाकत होती. मिस्त्रींनी खिशातून छोटं लोहचुंबक काढलं आणि दारावर टेकवलं. ते घसरून खाली पडलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा पडलं. रंगाखाली पत्रा कमी आणि खड्डे बुजवायला भरलेली लांबीच जास्त. मिस्त्रींनी चुंबक उचलून खिशात टाकलं आणि ते रस्त्याला लागले.

दुसऱ्या गाडीला मालकाने ढोलासारखा सायलेन्सर लावला होता. मिस्त्रींनी स्पार्क प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजला, हात पुसले आणि म्हणाले, "सहापैकी एक भाऊ घरी बसून खातोय." त्या दिवसाचं त्यांचं तेवढंच वाक्य.

तिसरी जाहिरात पाच महिन्यांनी आली. चार ओळींची. यजमानांनी ती दोनदा वाचली आणि कागद बाईंपुढे सरकवला. "एकही चूक नाही. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी आहेत." रंग : गडद हिरवा, असं तिसऱ्या ओळीत होतं.

फोन गाडीच्या मालकांच्या सुनेने घेतला. "रविवारी सकाळी सातला या," ती म्हणाली. "गाडी गार असताना. बाबा म्हणतात, दुपारी येणाऱ्याला गाडीतलं काही कळत नसतं. आणि आधीच सांगते, त्यांनी अकरा जणांना परत पाठवलंय."

मालक निवृत्त मोजणीदार होते. जमिनी मोजण्यात, हद्दी आखण्यात त्यांची हयात गेली होती. गॅरेजच्या दाराशी लाकडी खुर्ची टाकून ते ताठ बसले होते. बाईंच्या पावलांच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली, पण नजर बाईंच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"माझ्याकडे बघत नाही म्हणून रागावू नका," ते म्हणाले. "नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडा दिसतात, मधलं दिसत नाही. आणि रस्ता नेमका मधेच असतो. चार वर्षं झाली मला स्टिअरिंग सोडून."

सुनेने गाडीवरचं आच्छादन काढलं. जुन्या चादरी जोडून शिवलेलं होतं ते. बाई दारातच उभ्या राहिल्या.  मिस्त्री मात्र सरळ गेले, बॉनेटवर तळवा ठेवला, गार आहे ना हे बघितलं. मालकांना तो स्पर्शही ऐकू आला असावा. ते किंचित हसले. "या बाराव्यांना येतंय काहीतरी."

तासभर मिस्त्री गाडीच्या अंगाखांद्यावर फिरले. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला बारीक नंबर त्यांनी वाचला. सगळे एकाच वर्षाचे, म्हणजे काच कधी फुटली नव्हती. चुंबक सगळीकडे घट्ट बसलं. खाली आडवे होऊन त्यांनी पत्रा ठोकून पाहिला. तेलाचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. मग इंजिन सुरू केलं आणि मागे जाऊन धुराकडे बघत राहिले. धूर नव्हताच.

तोवर सुनेने वह्या आणून दिल्या. अकरा वह्या. तेल कधी बदललं, पट्टा कधी बदलला, कोणत्या टायरमध्ये किती हवा, सगळं तारखेनिशी. पहिल्या वह्यांतलं अक्षर मुंगीएवढं होतं. आठव्या वहीपासून ते मोठं होत गेलं, आणि शेवटच्या वहीत एका पानावर जेमतेम चार ओळी मावत होत्या. बाईंनी ती वही मिटून हळूच बाजूला ठेवली.

मिस्त्री हात पुसत आले. "सहाही भाऊ कमावते आहेत," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "घ्या."

"कशाला हवी आहे तुम्हाला?" मोजणीदारांनी विचारलं. हाच प्रश्न त्यांनी अकरा जणांना विचारला होता. कोणी म्हणालं होतं, पुढे किंमत वाढेल. कोणी म्हणालं, दारात शोभेल.

 बाई म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसलेय."

मोजणीदार खुर्चीवरून उठले. "चला. मी तुमच्या शेजारी बसतो."

कारखान्यांच्या मागचा लांब रस्ता रविवारी रिकामा असायचा. बाईंनी गाडी तिथे घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आरसे जागेवर, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. दोन-अडीच किलोमीटर झाल्यावर मोजणीदार म्हणाले, "बाई, तुम्ही छान चालवता. पण थांबायच्या तयारीने चालवता."

बाईंना ते लागलं. आजवर त्यांच्या चालवण्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं. पण म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि जीव ब्रेकवर.

"समोर काय आहे?" मोजणीदारांनी विचारलं.

"काही नाही. रस्ता."

"मग जा की."

बाई गेल्या. तिसऱ्यात गाडी पुढे झेपावली तेव्हा त्यांची पाठ सीटला टेकली. इंजिनाचा आवाज आधी गुरगुरल्यासारखा होता, तो चढत चढत एका जागी आला आणि स्वच्छ झाला, गळा मोकळा झालेल्या माणसासारखा. "आता," मोजणीदार म्हणाले, आणि बाईंनी गिअर बदलला. त्यांनी हजारो लोकांना 'आता' म्हटलं होतं. त्यांना कोणी म्हणायची ही पहिलीच वेळ. डोळ्यांतून पाणी का येतंय ते त्यांना कळेना. दुःख होतं असं नाही. सव्वीस वर्षांची एक बाई काचेच्या खोलीत गिअरवर हात ठेवून बसून राहिली होती, तिला कोणीतरी आत्ता कुठे बाहेर बोलावलं होतं, आणि तिच्या गुडघ्यांना आता कळा येत होत्या.

परत आल्यावर गाडी गॅरेजमध्ये लावली. मोजणीदार बराच वेळ उतरलेच नाहीत. मग म्हणाले, "माफ करा. मला विकायची नाही."

बाईंना वाटलं, आपलं काही चुकलं.

"तुमचं काही चुकलं नाही. माझा मुलगा दर रविवारी तिला सुरू करतो आणि बंद करतो. तिचं इथे खोकणं ऐकून ऐकून मी मन घट्ट केलं होतं. आज चार वर्षांनी तिला रस्त्यावर ऐकलं. तुम्ही वाईट चालवली असतीत तर दिली असती."

 घरी यजमानांनी दारातच बायकोचा चेहरा बघितला आणि चहा ठेवायला आत गेले.

पुढचे दोन महिने बाईंचं कशात लक्ष लागेना. मिस्त्रींनी तसलीच एक करडी गाडी शोधून काढली, निरोगी, निर्दोष. बाई तिच्यात बसल्या, उतरल्या, "चांगली आहे," म्हणाल्या आणि घरी आल्या. बसमध्ये बसल्या की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशी दाबायचा. पूर्वी तो ब्रेक दाबायचा. आता तो दुसरं काहीतरी दाबत होता, हे यजमानांनी बरोबर टिपलं. एका दुपारी हातातला कागद बाजूला ठेवून ते म्हणाले, "तू त्यांच्याकडून गाडी मागतेयस. त्यांना काय हवंय ते विचारलंस का?"

बाई त्या रात्री नीट झोपल्या नाहीत. सकाळी उठून त्यांनी आधी मिस्त्रींना फोन केला, मग स्कूलच्या नव्या मालकाला, आणि सगळ्यात शेवटी मोजणीदारांच्या सुनेला.

"त्या गाडीला शेजारच्या सीटपाशी जोडब्रेक बसवायचा?" मिस्त्रींनी देवळात चपला घालून शिरायला सांगितल्यासारखा चेहरा केला.

"एका सकाळपुरता. एकही भोक न पाडता."

"हं," मिस्त्री म्हणाले, आणि शनिवारचा अख्खा दिवस शिकंजे आणि सळया घेऊन त्या गाडीखाली आडवे पडले.

रविवारी सकाळी स्कूलच्या सरावाच्या मैदानाचं फाटक आतून कुलूप लावून बंद केलं. मैदान मोठं होतं, कडेला पांढऱ्या चुन्याची जाड रेघ. मोजणीदार चालकाच्या सीटवर बसले. त्यांनी सीट दोन खटके मागे घेतली आणि सवयीने वरचा आरसा सारखा केला. त्यात त्यांना काहीही दिसणार नव्हतं. सून फाटकाशी पदराचं टोक मुठीत धरून उभी होती.

बाई शेजारी बसल्या. पायाखाली ओळखीचा ब्रेक. "कडा तुम्ही सांभाळा," त्या म्हणाल्या. "मधलं मी बघते."

पहिली फेरी दुसऱ्या गिअरमध्ये झाली. मोजणीदारांचे हात हलके होते, कान इंजिनाला लागलेले. "थोडं डावीकडे," "सरळ," "वळण येतंय, आता," एवढंच बाई बोलत होत्या. दुसऱ्या फेरीत मोजणीदारांच्या खांद्यांचा ताठपणा गेला. तिसऱ्या फेरीत ते बोलायला लागले. बायको गेली त्या वर्षी ते हीच गाडी घेऊन समुद्रापर्यंत गेले होते, एका दमात, कुठेही न थांबता, आणि तिथे पोचल्यावर काय करायचं ते न सुचून तसेच परत आले होते. चौथ्या फेरीला, सरळ भागावर, त्यांनी पाय दाबला. गाडी उसळली. बाईंचा पाय ब्रेकच्या वर अधांतरी थांबला.

"आता सोडा," बाई म्हणाल्या.

त्यांनी सोडलं नाही.

"सोडा," बाई पुन्हा म्हणाल्या. पांढरी रेघ धावत आली. मग बाईंचा पाय खाली गेला, एकतीस वर्षं जायचा तसा, ना जोरात ना हळू. गाडी रेघेपासून हातभर अंतरावर थांबली.

इंजिन चालू होतं.  मोजणीदारांनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

"मला वाटलं, अजून शंभर पावलं आहेत," ते म्हणाले. "माझा अंदाज कधी चुकला नव्हता हो. शिपाई मोजणीची साखळी धरून यायच्या आत मी आकडा सांगायचो."

"अजून एक फेरी मारू," बाई म्हणाल्या. "हळू."

"नको. बरं केलंत दाबलात ते." त्यांनी चाचपून किल्ली शोधली आणि इंजिन बंद केलं. मग दार उघडून स्वतःच उतरले, गाडीच्या कडेकडेने हात फिरवत मागपर्यंत गेले आणि सुनेला हाक मारली. "सूनबाई, यांना कागद करून दे."

बाई सीटवरून हलल्या नाहीत. जे त्यांना इतकी वर्षं हवं होतं ते त्यांच्याच पायाने त्यांना मिळवून दिलं होतं, आणि त्याच पायाने या माणसाकडून काढून घेतलं होतं. पुढचे कित्येक दिवस तो पाय त्यांना परका वाटत राहिला.

पंधरा दिवसांनी त्या गाडी न्यायला गेल्या तेव्हा मोजणीदार बाहेर आले नाहीत. सुनेने अकरा वह्या आणि चादरींचं आच्छादन मागच्या सीटवर ठेवलं. बाईंनी विचारलं, रविवारी त्यांना फिरवून आणू का? सून आत जाऊन विचारून आली. "बाबा म्हणतात, नको. बसलो तर परत मागेन, म्हणतात."

त्याला आता दीड वर्ष झालं. बारावी वही बाईंच्या अक्षरात सुरू झाली आहे. यजमान महिन्याला एकदा त्यातल्या चुका काढतात. कधी कधी तेही बरोबर येतात, डोळे मिटून, खिशात लिंबू ठेवून, आणि मधेच विचारतात, "आत्ता कितीवर आहे?" बाई सांगत नाहीत. बहुतेक रविवारी मात्र त्या एकट्याच निघतात. गाडी उत्तम चालते. हाव शांत होईल असं त्यांना वाटलं होतं, पण तसं काही झालेलं नाही. गॅरेजचं दार ओढून घेताना त्या फटीतून पुन्हा एकदा आत बघतात, पूर्वी भाजीची पिशवी घेऊन मागे चालताना बघितलं होतं तसं.

मोजणीदारांचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतो. तेलाची पातळी, टायरची हवा, एवढंच विचारतात. मागच्या वेळी मात्र त्यांनी विचारलं, "पुलापलीकडचा चढ कोणत्या गिअरमध्ये घेता?"

"तिसऱ्या."

 "मी चौथ्यात घ्यायचो," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी बाईंनी चढ चौथ्यात घ्यायचा प्रयत्न केला. थोडं वर जाताच गाडी धापा टाकायला लागली आणि त्यांना तिसरा टाकावा लागला. मिस्त्री म्हणतात, इंजिन तेव्हा तरुण होतं. यजमान म्हणतात, माणूस आठवणीत थोडं वाढवून सांगतो. बाईंना दोन्ही पटतं. तरी दर रविवारी पूल ओलांडला की त्या पाठ सरळ करतात, वेग आधीपासून धरतात, आणि चौथ्यातच चढाला लागतात. आतापर्यंत त्या तिसऱ्या विजेच्या खांबापर्यंत पोचल्या आहेत. चढावर एकूण सात खांब आहेत.